ग्रिफिन अँड सबीन वाचलेल्यांसाठी: सबीन खरंच आहे की ग्रिफिनच्या डोक्यात? (स्पॉयलर आहेत)

निळीशाई

निक बॅन्टॉकचं ग्रिफिन अँड सबीन इथे कोणी वाचलंय का? 1991 सालचं पुस्तक आहे, नवीन काही नाही, पण माझ्या हाती आत्ता लागलं आणि तेव्हापासून कुणाशी तरी याच्यावर बोलायचंच आहे, घरात इंग्रजी कादंबऱ्या वाचणारं कोणी नाही म्हणून हा धागा. पुढे सगळं फोडलेलं आहे. ज्यांना वाचायचंय त्यांनी इथूनच परत फिरा, काही माहीत नसताना वाचण्यात याची निम्मी मजा आहे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. लंडनमधे ग्रिफिन मॉस नावाचा एक एकटा राहणारा चित्रकार आहे, स्वतःची पोस्टकार्डं डिझाइन करून विकतो. एक दिवस त्याला दक्षिण पॅसिफिकमधल्या सिकमॉन बेटांवरून सबीन नावाच्या अनोळखी बाईचं कार्ड येतं. ती म्हणते तुझं माशाचं कार्ड मला पाठवशील का, आणि तू कपाऐवजी वाइनचा ग्लास ठेवलास ते बरोबर केलंस. आता तो कप त्याने कुणाला दाखवलेलाच नसतो, कुणी बघायच्या आत बदललेला असतो! मग हिला कुठून कळलं? तो विचारतो, ती उत्तर देते, आणि मग हळूहळू उलगडतं की तो चित्र काढत असतो तेव्हा ते तिला तिकडे बसल्याजागी दिसतं, गेली कित्येक वर्षं दिसतंय, फक्त तो कोण आणि कुठे हे तिला माहीत नव्हतं. ती स्वतः त्या बेटांसाठी पोस्टाची तिकिटं डिझाइन करते.

निवेदक नाही, प्रकरणं नाहीत, त्याने सांगितलं ती म्हणाली असलं काही नाही. एका पानावर कार्डाची चित्राची बाजू, पान उलटलं की लिहिलेली बाजू. आणि कार्डाच्या जागी पत्र असेल तर पानावर खरोखरचं पाकीट चिकटवलेलं आहे, त्यातून पत्र बाहेर काढायचं, घडी उलगडायची, वाचायचं, परत घडी घालून आत सरकवायचं. त्याची पत्रं टाइप केलेली, तिची हाताने लिहिलेली.

मला काय झालं सांगते. पहिलं पाकीट आलं तेव्हा मी थांबले. पुस्तक माझं, पैसे मी दिलेत, तरी दुसऱ्याचं पत्र उघडतोय असं वाटून मी चक्क दाराकडे बघितलं. कादंबऱ्यांमधे पत्रं काय कमी वाचलीत का आपण, पण ती छापलेली असतात, लेखकाने आपल्यासाठीच ठेवलेली असतात. इथे पाकिटावर पत्ता दुसऱ्याचा आहे आणि उघडणारे हात माझे आहेत. आणि नंतर लक्षात आलं की सबीन पण तेच करतेय ना? त्याला न विचारता त्याच्या टेबलावर डोकावतेय.

शेवटी ग्रिफिन घाबरतो. ती ये म्हणते आणि हा कच खातो, तिला लिहितो की मी एकटेपणापायी तुला तयार केलंय, तू नाहीसच, आता हे थांबवायला हवं. त्यावर ती त्याला चांगलंच सुनावते की तुला भीती वाटते म्हणून मी नाहीशी होणार नाही, आणि तू येणार नसशील तर मीच निघते तिकडे. मला तिथे अंगावर काटा आला, आनंदाने की भीतीने ते अजून ठरत नाहीये.

तर प्रश्न दोन. एक, तुमच्या मते सबीन आहे की नाही, आणि का? दुसरं, माझ्या मैत्रिणीने अर्ध्या तासात संपवून मला परत दिलं आणि म्हणाली छान आहे, गिफ्ट द्यायला मस्त, पण याला कादंबरी कशाला म्हणायचं. मला नीट उत्तर देता आलं नाही आणि ते खटकत राहिलंय. तुम्ही काय म्हणाल?

ब्रशवाला_दादर

धाग्याबद्दल आभार, माझं फार जवळचं पुस्तक आहे हे. मी पुस्तकांची मुखपृष्ठं करतो त्यामुळे माझं वाचन थोडं त्या बाजूने होणार, चालवून घ्या.

आधी एक गोष्ट जी माहीत असली की पुस्तक वेगळं दिसतं. बॅन्टॉक स्वतः इंग्लंडमधे कित्येक वर्षं मुखपृष्ठांची चित्रं काढायचा, शेकडो केलीत त्याने. म्हणजे दुसऱ्याच्या गोष्टीला चित्र द्यायचं, तेही संपादक सांगेल तसं, आणि पुस्तक वाचणाऱ्याने ते दोन सेकंद बघून पान उलटायचं. 1988 मधे तो कॅनडाला गेला आणि त्यानंतर तीन वर्षांनी हे आलं. आता ग्रिफिन बघा, टेबलाशी बसून कार्डं काढणारा माणूस, आणि त्याला आयुष्यात काय मिळतं, तर त्याने एक कप खोडून ग्लास काढला हे कुणीतरी पाहिलं! अहो चित्र काढणाऱ्या माणसाला याच्यापेक्षा मोठं काही मिळू शकत नाही. झालेल्या कामाचं कौतुक करणारे भेटतात, पण मधला जो निर्णय असतो, हे काढलं ते खोडलं, तो कुणालाच दिसत नाही. पहिल्या कार्डावर ती आय लव्ह यू वगैरे काही म्हणत नाही, तुझा निर्णय बरोबर होता म्हणते. माझ्या मते प्रेमकथा तिथेच सुरू झाली, बाकीचं सगळं त्यानंतर.

आता तुमचा प्रश्न. मी पहिल्यांदा वाचताना दोघांची कार्डं वेगवेगळी करून बघायचो. ग्रिफिनचं काम मला हुशार वाटतं, थोडं कोरडं, विनोद असलेलं, मोकळी जागा सोडणारं. सबीनचं दाट, प्राणी पक्षी, थरावर थर, रंग कडेपर्यंत गेलेला. दोन वेगळे हात आहेत असं मी शपथेवर सांगितलं असतं. आणि मग आठवतं की दोन्ही हात एकाच माणसाचे, बॅन्टॉकचेच आहेत, टाइप केलेलं पण त्याचं, हस्ताक्षर पण त्याचं, तिकिटं पण त्याचीच. म्हणजे दोन वेगळी माणसं एका माणसाला करता येतात हा पुरावा पुस्तक म्हणूनच आपल्या हातात आहे. ग्रिफिन चित्रकारच आहे, त्याला हे जमलं नसतं का? त्याची भीती मला म्हणून खरी वाटते, कारण त्याला स्वतःच्या हाताची ताकद माहीत आहे.

मी सबीन आहे या बाजूचा. पण पुराव्यावर नाही, मला ती असायला हवी आहे म्हणून.

आणि मैत्रिणीला सांगा की त्या एकेका पाकिटात घडी घातलेला कागद सरकवायचं काम हाताने करावं लागतं, छपाईचं मशीन ते करत नाही. पन्नास पानं पण नसलेल्या पुस्तकासाठी एक प्रकाशक हे करायला तयार झाला (सॅन फ्रान्सिस्कोचं क्रॉनिकल बुक्स), तेही तेव्हा या क्षेत्रात मोठं नाव नसलेल्या लेखकासाठी. आमच्याकडे कव्हरला जरा उठाव द्या म्हटलं तर खर्च वाढेल म्हणून परत येतं.

चौकटीबाहेर

मी जरा विरुद्ध बाजूने बोलते, राग मानू नका.

मला पुस्तक वस्तू म्हणून अतिशय आवडलं, आणि गोष्ट म्हणून अर्धवट. चित्रं बाजूला ठेवा आणि नुसता मजकूर एका कागदावर लिहून काढा. काय उरतं? दोन माणसं, दोघांनी आपापलं बालपण एकेका पत्रात सांगितलं, दोघंही पोरकी, दोघंही एकटी, पाच सहा पत्रांत एकमेकांशिवाय जगता येत नाही इथपर्यंत आली. हे जर साध्या टाइपात छापलं असतं तर आपण म्हटलं असतं की घाई केली.

पण माझी खरी अडचण सबीनचीच आहे. ती कुठे राहते? नकाशात नसलेल्या, दक्षिण समुद्रातल्या बेटावर. लंडनमधला थकलेला, उदास कलावंत आणि त्याला जागं करायला उष्ण कटिबंधातल्या बेटावरून आलेली गूढ बाई, जिला त्याच्या मनातलं आपोआप कळतं. हे चित्र युरोपने खूपदा काढलंय, फ्रेंच चित्रकार गोगँ ताहितीला गेला ते 1891, म्हणजे या पुस्तकाच्या बरोबर शंभर वर्षं आधी. त्या बेटावरची बाकीची माणसं काय करतात, त्यांचं काय चाललंय, काही नाही. बेट म्हणजे सबीनला ठेवायची जागा. तिला दिसतात ती फक्त त्याची चित्रं, त्याला तिची का दिसत नाहीत? ती सतत त्याच्यासाठी आहे. म्हणून सबीन खरी आहे का हा प्रश्न मला वेगळ्या तऱ्हेने पडतो, लेखकाने तिला खरी व्हायला पुरेशी जागा दिली का?

निळीशाई, तुमची पाकीट उघडतानाची गोष्ट मात्र शंभर टक्के पटली. मला पण तसंच झालं. ते या पुस्तकाने मिळवलेलं आहे, ते मी नाकारत नाही.

तिकीटवेडा

तिकिटांचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं, एरवी मी फक्त वाचतो इथे.

मी लहानपणापासून तिकिटं जमवतो. आमच्या छंदात पाकीट हाती आलं की पत्र नंतर, आधी शिक्का. कुठून निघालं, कधी निघालं, मधे कुठे थांबलं, कुठे पोचलं. जुन्या पाकिटांवर मागच्या बाजूला पोचल्याचाही शिक्का असायचा. माणूस खोटं बोलेल, पण पाकिटावर ज्या पोस्टांचे शिक्के आहेत तिथून ते गेलंय हे नक्की असं आम्ही धरून चालतो. त्यामुळे मी ही कादंबरी वाचताना मजकुराच्या आधी कोपरा बघत होतो, आणि माझ्या मते बॅन्टॉकला ते नीट माहीत आहे, त्याने तिकिटं आणि शिक्के ज्या प्रेमाने केलेत ते नुसत्या सजावटीसाठी कोणी करत नाही. ग्रिफिन स्वतः सबीनच्या असण्यावर शंका घेतो पण तिच्या कार्डावर तिकीट आहे, तिकिटावर शिक्का आहे. कुणीतरी ते पेटीत टाकलं, कुणीतरी त्याच्यावर ठप्पा मारला, कुणीतरी लंडनमधे दारातून आत सरकवलं. सबीन भास असेल तर मधले सगळे पोस्टमन पण भासच व्हायला हवेत. मला ते जड जातं मान्य करायला.

ब्रशवाला म्हणतात त्यावरून तिकिटं पण ग्रिफिननेच काढली असतील. शक्य आहे, आणि असं करणारे खरे लोक होऊन गेलेत, ही माहिती इथे द्यायचीच होती. डोनाल्ड इव्हान्स नावाचा अमेरिकन चित्रकार होता, त्याने अस्तित्वात नसलेल्या देशांची तिकिटं काढली, खऱ्या तिकिटाच्या मापाची, जलरंगात, कडेला छिद्रांची रेघ, वर स्वतः बनवलेल्या शिक्क्याचा ठसा. चाळीसच्या वर देश, त्यांची चलनं, त्यांची फळं, त्यांचे पक्षी, आणि सगळं पद्धतशीर एका कॅटलॉगमधे मांडलेलं. हजारो तिकिटं. 1977 मधे अॅमस्टरडॅमला घराला आग लागून तो वारला, वय फक्त 31. पोस्टखात्याने न काढलेल्या अशा तिकिटासारख्या कागदांना आमच्यात सिंडरेला म्हणतात, आणि त्या जमवणाऱ्यांचा वेगळा गट आहे. सबीनची सिकमॉनची तिकिटं बघून मला आधी इव्हान्सच आठवला. एखादा देश नाही हे माहीत असून त्याचं तिकीट जिभेला लावून चिकटवावंसं वाटणं, ते काय असतं ते त्याची तिकिटं बघितलेल्याला कळेल.

चौकटीबाहेर ताई, तुमचा बेटाबद्दलचा मुद्दा बरोबर आहे, पण एक बाजू सांगतो. पॅसिफिकमधल्या खऱ्या छोट्या बेटांची तिकिटं जगभर जमवली जातात, काहींना तिकीटविक्रीतून बऱ्यापैकी उत्पन्न मिळालंय, पिटकेर्न बेटाचं उदाहरण प्रसिद्ध आहे, तिथे लोकसंख्या पन्नासच्या आसपास आणि तिकिटं सगळ्या जगात. म्हणजे बेटावर राहून तिकिटं डिझाइन करणं हा खरा, पोटापाण्याचा धंदा आहे. सबीन नुसती गूढ बाई नाही, कामावर जाणारी बाई आहे. दोघंही कमर्शियल आर्टिस्ट आहेत, ते मला फार आवडलं.

निळीशाई

बापरे, पिटकेर्नचं माहीत नव्हतं. आणि इव्हान्सची तिकिटं आत्ता शोधून बघितली, तासभर गेला त्यात.

चौकटीबाहेर, राग कसला. मजकूर वेगळा काढला तर तो पातळ आहे हे मान्यच आहे. पण तो वेगळा का काढायचा? गाण्याचे शब्द सुटे वाचून कच्चे वाटले तर आपण गाणं कच्चं म्हणत नाही ना. दोघांची ओळख पाच सहा पत्रांत झाली म्हणता, पण मधली चित्रं पण बोलणंच आहे त्यांचं. तिच्या एकेका कार्डाच्या चित्राकडे मी जेवढा वेळ बघत होते तेवढ्यात दुसऱ्या कादंबरीत दहा पानं झाली असती. मैत्रिणीने अर्ध्या तासात संपवलं कारण तिने अक्षरं वाचली. हे आत्ता लिहिताना सुचतंय, आता तिला नीट सांगता येईल.

पण बेटाबद्दलच्या तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. पुढच्या भागांमधे सबीनला जास्त जागा आहे का? मी पहिलाच वाचलाय.

बर्फातला_कोकणी

पुढचे वाचलेत म्हणून लिहितो. निळीशाई, तुम्हाला पुढचं फुटलेलं नको असेल तर माझा हा पॅरा सोडून पुढे जा.

पहिली त्रयी म्हणजे हे, मग 1992 चं सबीन्स नोटबुक आणि 1993 चं द गोल्डन मीन. दुसऱ्या भागात चौकटीबाहेर यांच्या आक्षेपाला थोडं उत्तर आहे असं मला वाटतं. सबीन म्हटल्याप्रमाणे लंडनला येते, आणि हा पठ्ठ्या ती यायच्या आत पळून जातो! मग ती त्याच्या घरात राहते, त्याच्या टेबलावर काम करते, आणि तो जगभर भटकत तिला पत्रं पाठवतो. म्हणजे आता प्रवास, उष्ण देश, गूढ जागा हे सगळं त्याच्या वाट्याला, आणि लंडनची सर्दी, रोजचं घर सांभाळणं तिच्या. जागा पूर्ण उलट झाल्या. तिसऱ्यात आणखी गुंता, दोघंही म्हणतात मी त्या दिवशी त्याच जागी होतो, आणि दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. एका ठिकाणी दोघं असूच शकत नाहीत. आणि फ्रोलाटी नावाचा एक माणूस सबीनच्या मागे लागतो, तो मला काही आवडला नाही, त्याच्यामुळे पुस्तक उगाच थ्रिलरकडे झुकतं. पुढे 2001 ते 2003 मधे दुसरी त्रयी आली, त्यात नवीन जोडपं आहे, एक इजिप्तमधे एक पॅरिसला, आणि 2016 ला द फॅरोस गेट, जे काळाच्या हिशोबाने पहिल्या आणि दुसऱ्या त्रयीच्या मधे बसतं. माझा सल्ला, पहिली तीन वाचा, मग बराच काळ काही वाचू नका.

मी व्हँकुव्हरला राहतो, बॅन्टॉक कॅनडाला आला तो इथूनच जवळ बोवेन बेटावर. हॉर्सशू बे वरून फेरी बोटीने वीसेक मिनिटं. पुस्तक वाचल्यावर मुद्दाम गेलो होतो. बघायला तसं विशेष काही नाही, धक्का, दोनचार दुकानं, झाडं आणि पाऊस. पण पुस्तकाची कल्पना त्याला तिथल्या पोस्टात सुचली असं तो सांगतो, याच्या पेटीत नुसती बिलं नि जाहिराती आणि शेजारच्याला मात्र छान पत्र आलेलं, त्याचा त्याला हेवा वाटला. मग म्हणे आपल्याला यावंसं वाटतं ते पत्र आपणच का लिहू नये. आता हे कळल्यावर सबीन खरी की खोटी हा प्रश्न मला जरा वेगळा वाटायला लागला. ब्रशवाला म्हणतात ते अगदी असंच घडलंय, माणसाला पत्र हवं होतं, ते त्याने स्वतः लिहिलं, आणि मग ते लाखो लोकांना पोचलं.

अजून एक, पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीला कवी येट्सच्या ओळी आहेत, सेकंड कमिंग या कवितेतल्या, घिरट्या घेणारा ससाणा वगैरे. तीन पुस्तकांवरून 1997 मधे एक सीडी रॉम निघाली होती गायक पीटर गेब्रिअलच्या रिअल वर्ल्ड कंपनीकडून, तिचं नाव सेरेमनी ऑफ इनोसन्स हे पण त्याच कवितेतून घेतलेलं. आवाज बेन किंग्जली, इझाबेला रोझेलिनी असल्या नट-नट्यांचे. आता कुठल्या कॉम्प्युटरवर चालेल कुणास ठाऊक. पुस्तकाची पाकिटं मात्र अजून उघडतात.

पत्रिका_धारवाड

माझं माहेर धारवाड, त्यामुळे हा धागा वाचताना मनात एकच नाव येत होतं आणि अजून कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. जी.ए. कुलकर्णी आणि सुनीताबाई देशपांडे.

तुलना ओढून ताणून वाटेल पण ऐका. एक माणूस धारवाडला, इंग्रजी शिकवणारा, लोकांपासून दूर राहणारा, ज्याने कथा लिहिल्या आणि स्वतःपुरती चित्रंही काढली. दुसरी व्यक्ती पुण्या-मुंबईकडे, गजबजलेल्या घरात. भेटी मोजक्याच, पत्रं मात्र भरभरून. पुस्तकांबद्दल, माणसांबद्दल, कवितांबद्दल. आणि आपल्याला हा पत्रव्यवहार वाचायला मिळतो तो कसा, तर त्यांची पत्रं एका पुस्तकात आणि हिची दुसऱ्या पुस्तकात. जी.एं.ची निवडक पत्रे वेगळं, प्रिय जी.ए. वेगळं. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून तारखा लावत वाचलीत, एक पत्र इकडचं, मग दुसरं पुस्तक उघडून त्याचं उत्तर तिकडचं. काही ठिकाणी उत्तर सापडत नाही, मग आपण अंदाज बांधतो तिने काय लिहिलं असेल. निळीशाई म्हणतात तसं हात वाचणाऱ्याचे, तो अनुभव मला तिथे आला, आणि तीही माणसं खरी असल्यामुळे दाराकडे बघायची गरज जास्त.

म्हणून मला सबीन आहे की नाही या प्रश्नाची धग थोडी कमी वाटते. पत्रातला माणूस नेहमीच अर्धा आपण बनवलेला असतो. समोरचा कागदावर जेवढं ठेवतो तेवढ्यावर आपण बाकीचा माणूस रचतो, त्याचा आवाज, त्याचं बसणं, त्याचं हसणं. ग्रिफिन म्हणतो मी तुला बनवलं, तर ते प्रत्येक पत्र वाचणारा करतोच. त्याची चूक एवढीच की बनवलेला भाग सापडल्यावर त्याने उरलेला भागही नाकारला. ती वैतागते ते योग्यच आहे.

एक खंत मात्र आहे. जी.एं.ची पत्रं आपण छापील टाइपात वाचतो. कागद कसला होता, शाई कोणती, ओळी तिरप्या जायच्या का, समासात काही रेखाटलं होतं का, ते सगळं गेलं. मराठीत पत्ररूप कादंबरी फार आधीपासून आहे, वा. म. जोशींची इंदु काळे व सरला भोळे वाचली असेल काहींनी, पण तीही सरळ छापलेलीच. आपल्याकडे इनलँड लेटर आहे, तीन बाजूंनी फाडायचं निळं पत्र, दुमडायच्या पट्टीवर पण आडवंतिडवं लिहिलेलं, आजी तर पत्त्याच्या कडेलाही चार शब्द घालायची. पिवळं पोस्टकार्ड आहे जे वाड्यातल्या सगळ्यांनी आधी वाचून मग ज्याचं त्याला द्यायचं. मनीऑर्डर फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर संदेशाला जागा असायची, मुंबईहून कोकणात किती संसार त्या दोन ओळींवर चालले. यातून गोष्ट सांगणारं, उघडायचं फाडायचं असं मराठी पुस्तक कुणीतरी करावं हो! ब्रशवाला, तुम्हीच का नाही?

ब्रशवाला_दादर

पत्रिका ताई, तुमची पोस्ट वाचून दिवसभर तेच डोक्यात आहे. मनीऑर्डरच्या तुकड्यावरून गोष्ट, नवरा गिरणीत, बायको गावाला, महिन्याला एक तुकडा, रक्कम बदलत जाते आणि ओळी बदलत जातात. पहिली ओळ कायम सारखी, मजेत आहे काळजी नसावी. मग एखाद्या महिन्याचा तुकडाच नाही. चित्राची पण गरज नाही, शिक्का आणि अक्षर बास. लिहिणारं कोणी असेल तर खरंच बोला, कागदाचं आणि घड्यांचं मी बघतो.

आणि पत्रातला माणूस अर्धा आपण बनवलेला, हे अगदी पटलं.

चौकटीबाहेर

दुसऱ्या भागाचं ऐकून उत्सुकता वाढली, मागवते. जागा उलट केल्या असतील तर माझा अर्धा आक्षेप मागे. बाकी अर्धा वाचून ठरवेन.

पत्रिका, मनीऑर्डर वाचून माझ्याही मनात लिहायला सुरुवात झालीय. फक्त बायकोची बाजू कशी येणार त्यात? ती तर मनीऑर्डर घेते, पाठवत नाही. तिला लिहिता येतं का, की पोस्टमनकडून लिहून घेते? मग तिसरं अक्षर आलं, आणि पोस्टमन काय गाळतो काय घालतो हा प्रश्न आला. ब्रशवाला, मेसेज करते तुम्हाला.

नवीन_वाचक_९

मी अजून वाचलेलं नाही पण सगळं वाचून बसलो, स्पॉयलर झाले तर झाले. कुठे मिळेल? फोनवर वाचता येईल का? आणि सेकंड हँड घेतलं तर चालेल ना, नवीन महाग दिसतंय.

तिकीटवेडा

फोनवर नको, पाकीटच उघडता आलं नाही तर काय उरलं. सेकंड हँड चालेल पण विकणाऱ्याला आधी एकच विचारा, सगळी पत्रं पाकिटांत आहेत का, आणि प्रत्येक उघड्या पाकिटाचा फोटो मागा. मी एका विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवलेल्या प्रतीत एक पत्र नव्हतं, वर्णनात लिहिलं होतं उत्तम स्थिती. नेमकं मधलं पत्र, गोष्ट तुटते तिथे. वाचनालयाच्या प्रतीतही हे होऊ शकतं, मुलं काढतात आणि राहून जातं. पाकिटाची झाकणं फाटलेली असली तरी हरकत नाही, उलट आधी कुणीतरी उघडलंय हे बरं वाटतं. माशाच्या कार्डाचं पान आहे का तेही बघा, काही लोक चित्रं फ्रेम करायला पानं कापून घेतात.

मुंबईत असाल तर फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर विचारून ठेवा, नाव सांगितलं की ते लक्षात ठेवतात.

निळीशाई

नवीन_वाचक, पुण्यात असाल तर माझी प्रत देते वाचायला. सगळी पत्रं आहेत, मोजून घ्या आणि मोजून परत द्या. मैत्रिणीकडे परत गेलीय सध्या, या वेळी तिला चित्रं आधी बघ असं सांगून दिलीय, आली की मेसेज करते.